नवीन जेसीबी घेताय? टायर आणि जादा जोड ठरवण्याआधी एवढं बघा

बेळगाव, प्रतिनिधी : बॅकहो लोडर कुठल्याही कंपनीचा असो, आपल्याकडे त्याला जेसीबीच म्हणतात. खानापूरपासून अथणीपर्यंत आणि पलीकडे चंदगडपर्यंत गावागावात एक-दोन तरी मशीन दिसतात. त्यातले बरेच मालक म्हणजे पहिल्यांदाच धंद्यात उतरलेली तरुण मुलं. जमीन तारण, महिन्याचा हप्ता आणि तासावर भाडं, असा सगळा मामला. मशीन कुठलं घ्यायचं यावर महिनाभर चर्चा होते. टायर कुठला आणि जादा जोड काय घ्यायची हे मात्र शोरूमच्या टेबलावर दहा मिनिटांत उरकलं जातं.

ओळखीतल्या एकाने असंच केलं. पाहुण्यांचं मशीन खडी क्रशरवर चालतं, त्यांच्या मशीनला जे टायर होते तेच त्याने घेतले. याचं काम मात्र खानापूर भागात, शेतातलं. पहिल्याच पावसात मशीन चिखलात रुतायला लागलं. शेवटी मागचे दोन्ही टायर रिमसकट बदलावे लागले आणि त्याचा खर्च हप्ता चालू असताना खिशातून गेला.

आधी कामाची वाटणी करा

हे मशीन दोन कामं करतं. पुढच्या बकेटने भरतं आणि ढकलतं, मागच्या हाताने खोदतं. खोदताना मागचे दोन जॅक, म्हणजे स्टॅबिलायझर, खाली टेकलेले असतात आणि पुढची बकेटही जमिनीवर दाबलेली असते. चाकांवर भार जवळपास नसतोच. म्हणजे दिवसभर पाइपलाइनची चर काढणाऱ्या मशीनचे टायर फारसे झिजत नाहीत. टायर झिजतात ते ट्रॉली भरताना, जागेवर वळताना आणि एका साईटवरून दुसऱ्या साईटला डांबरी रस्त्याने पळताना.

तेव्हा हिशेब सोपा आहे. टायर ठरवायचा पुढच्या बकेटच्या कामावरून आणि रस्त्यावरच्या धावेवरून. जोड ठरवायची मुख्यतः मागच्या हाताला काय काम मिळणार त्यावरून. येत्या वर्षात शंभर तासांतले किती तास कुठल्या कामाला जातील, हे एका कागदावर लिहून काढा. मगच शोरूममध्ये जा.

टायरवरचे आकडे

मागच्या टायरसाठी आपल्याकडे दोन मापं जास्त चालतात. एक १६.९-२८, १२ पीआर. दुसरं १४.००-२५, २० पीआर. यातला पहिला आकडा टायरची रुंदी इंचात, दुसरा रिमचा व्यास इंचात. मधे आडवी रेघ असेल तर टायर साध्या, म्हणजे बायस बांधणीचा. रेघेच्या जागी ‘आर’ असेल तर रेडियल. पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, टायर किती भार झेलेल त्याची खूण. पूर्वी टायरमध्ये जेवढे थर असायचे त्यावरून हा आकडा आला. आता तेवढे थर प्रत्यक्षात असतातच असं नाही.

रुंद टायर वजन जास्त जागेवर पसरवतो. काळ्या रानात, ओल्या मातीत, शेततळ्याच्या कामावर १६.९-२८ बरा. अरुंद पण जास्त प्लायचा १४.००-२५ दगड-खडीसाठी, क्रशरसाठी, खाणीसाठी. टोकदार दगडाने टायरची बाजू सहज फाटत नाही. दोघांचे रिम वेगळे, त्यामुळे नंतर नुसता टायर बदलून भागत नाही. निर्णय बुकिंगच्या वेळीच घ्यायचा तो यासाठी.

नक्षीही बघावी. ‘आर-४’ ही या मशीनसाठीची औद्योगिक नक्षी : पट्टे रुंद, माती आणि रस्ता दोन्हीला चालणारे. ‘आर-१’ ही ट्रॅक्टरची. चिखलात पकड चांगली, पण डांबरी रस्त्यावर पट्टे लवकर झिजतात. ‘एल-३’ ही दगडासाठीची, रबर जास्त, खाचा कमी. ओल्या मातीत ती भरून जाते आणि चाक जागेवर फिरत राहतं.

पुढच्या टायरकडे सहसा कोणी बघत नाही. बकेट भरून उचलली की मशीनचा बराच भार पुढच्या एक्सलवर येतो. म्हणूनच टू-व्हील मशीनला पुढे ९.००-१६, १६ पीआर असा लहान पण जाड टायर असतो. पैसे वाचवायला तिथे कमी प्लायचा टायर बसवू नका. फोर-व्हील मशीनमध्ये पुढच्या-मागच्या टायरच्या मापांचं गणित कंपनीने जुळवलेलं असतं. एकाच एक्सलचं माप बदललं तर गिअरवर ताण येतो.

आपल्या भागात काय चालेल

चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक या ऊस आणि काळ्या मातीच्या पट्ट्यात रुंद टायर घ्यावा. मात्र तोडणी झालेल्या फडात उसाचे टोकदार बुडखे राहतात, तिथे पंक्चर ठरलेलं. अशा रानात मशीन घालताना वाट आधी बघून घ्या.

खानापूर आणि चंदगडच्या पश्चिम भागात जांभा दगड, लाल माती आणि धो धो पाऊस. इथे वर्षभर काम करायचं तर टायरपेक्षा आधी फोर-व्हील ड्राइव्हचा विचार करावा. तो नंतर बसवायचा म्हटलं तर परवडत नाही. कामच मुळी जांभ्याच्या किंवा खडीच्या खाणीत असेल तर जास्त प्लायचा अरुंद टायर. शहरात, काँक्रीटच्या रस्त्यावर काम असेल तर जॅकला रबरी पॅड मागून घ्या. नाहीतर रस्ता खरवडतो आणि भांडण आपल्या अंगावर येतं.

कंपनीतूनच घ्यायचं ते

काही गोष्टी मशीन तयार होतानाच बसलेल्या बऱ्या. एक, फोर-व्हील ड्राइव्ह. दोन, एसी केबिन. अथणी भागातल्या एप्रिल-मे महिन्यात आणि क्रशरच्या धुळीत ती चैन नव्हे. चांगला ऑपरेटर टिकवायचा तो एक मार्ग आहे. तीन, ब्रेकरची हायड्रॉलिक लाइन. ब्रेकर आज घ्यायचा नसला तरी लाइन टाकून घ्या. नंतर बाहेरून पाइप जोडले तर गळती होते आणि वॉरंटीवरून वाद होतो. चार, लांब होणारा मागचा हात. साधं मशीन साडेचार मीटरच्या थोडं पुढे खोदतं. हा हात घेतला तर साधारण मीटरभर जास्त खोली मिळते. पण सांधे वाढतात, वजनही वाढतं. विहीर, खोल गटार अशी कामं नसतील तर नको.

नंतर घेतलं तरी चालतं ते

मागच्या बकेटा. पिण्याच्या पाण्याची पाइप किंवा केबल टाकायला ३०० ते ४५० मिलिमीटरची अरुंद बकेट लागते. रुंद बकेटने तेच काम केलं तर माती दुप्पट निघते, डिझेलही जास्त जातं. पाइपलाइनचं काम हातात आलं की ती घ्यावी.

फोर-इन-वन बकेट मधून उघडते, त्यामुळे उचलणं, पकडणं, लेव्हल करणं सगळं जमतं. पण ती जड असते, पिन-बुश जास्त असतात. नुसती ट्रॉली भरायची तर साधी बकेट बरी. साखर कारखान्यावर बगॅस ढकलायला मोठी, हलक्या मालाची बकेट मिळते; ती माती-खडीला वापरू नका.

ब्रेकर मशीनच्या वजनाला साजेसा असावा. मोठा ब्रेकर लावला तर मागच्या हाताला चिरा जातात. ब्रेकरचं काम वाढलं की हायड्रॉलिक तेल आणि फिल्टर लवकर बदलावे लागतात, हाही खर्च धरा.

हप्त्याचा हिशेब

समजा तीन लाखांची जादा जोड कर्जातच घातली. १० टक्के व्याज, चार वर्षं मुदत. हप्ता महिन्याला साधारण ७,६०० रुपयांनी वाढतो आणि व्याज सुमारे ६५,००० रुपये जातं. डिझेल आणि ऑपरेटर वजा जाता तासाला ४०० रुपये उरत असतील, तर नुसत्या त्या जोडीसाठी दर महिन्याला १९ तास जास्त काम हवं. पावसाळ्यातल्या बंद महिन्यांतही हप्ता थांबत नाही. एवढं काम दिसत नसेल तर ती जोड आज घेऊ नका, लागेल तेव्हा भाड्याने आणा.

मशीनवर १८ टक्के जीएसटी आहे. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तुमची नियमित नोंदणी असेल तर हा कर क्रेडिट म्हणून मिळतो; नोंदणी नसेल किंवा कंपोझिशनमध्ये असाल तर मिळत नाही. दोन दुकानांचे भाव ताडून बघताना हे लक्षात ठेवा, आणि सीएला एकदा विचारा.

ताबा घेताना

टायरचं माप, प्लाय आणि नक्षी कोटेशनमध्ये लिहून घ्या. मशीन आलं की प्रत्यक्ष टायरवर वाचून बघा. टायरवर सहसा बनवल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत असतं. २३२५ म्हणजे २०२५ मधला तेविसावा आठवडा. टायरची वॉरंटी बहुतेक वेळा टायर कंपनीकडे असते, तेव्हा ते कार्ड वेगळं मागा. प्रत्येक जोड बिलात स्वतंत्र ओळीत हवी आणि विम्यातही तिची किंमत धरलेली हवी; चोरी झाली तर बिलच कामाला येतं.

नंतरची काळजी एवढीच : हवा टायर थंड असताना, पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे बघायची, आणि ती रोज सकाळी. कमी हवेत ट्रॉली भरत राहिलं तर चांगला टायरही बाजूने फुटतो. मग त्या दिवसाचं भाडंही गेलं आणि टायरही.