सल्ला आणि सत्ता

सत्ता सल्ला मागते तेव्हा तो देण्यापूर्वी एक प्रश्न विचारला पाहिजे : निर्णय कोण घेणार? अमेरिकेतील कृष्णवर्णीय वस्त्यांनी हा प्रश्न विचारला आणि त्याची किंमत मोजली. १९७२ साली आपल्या तरुणांनी तिथल्या पँथर्सचे नाव घेतले; त्या वस्त्यांचा हा इतिहासही आपण वाचला पाहिजे.

१९६४ साली अध्यक्ष जॉन्सन यांच्या सरकारने दारिद्र्यनिर्मूलनाचा कायदा केला. रहिवाशांचा शक्य तितका जास्तीत जास्त सहभाग असावा, असे त्यात म्हटले होते. वस्त्यांनी ते शब्द खरे मानले. पैसा कुठे खर्च व्हावा हे गरीब माणसे सांगू लागताच अनेक महापौर अस्वस्थ झाले. १९६७ च्या दुरुस्तीने या संस्था ताब्यात घेण्याची वाट स्थानिक शासनांना मोकळी झाली.

१९६६ च्या 'मॉडेल सिटीज' कायद्याचेही तेच झाले. उत्तर फिलाडेल्फियात रहिवाशांची परिषद उभी राहिली. १९६९ मध्ये तिचे अधिकार छाटले गेले. परिषद न्यायालयात गेली. रहिवाशांना न विचारता असे मूलभूत बदल करणे कायद्याला धरून नाही, असा निर्णय १९७० मध्ये अपील न्यायालयाने दिला. पण १९७४ मध्ये योजनाच गुंडाळण्यात आली.

याच योजनेत सल्लागार असलेल्या शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. विचारविनिमय ही तीत चौथी पायरी. ती त्यांनी देखाव्यात जमा केली. खरी सत्ता सहाव्या पायरीपासून सुरू होते.

आपल्याकडे ७४ व्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. महाराष्ट्राच्या कायद्यात त्यांवर संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घेता येतात. पण त्यांना नेमणारे नगरसेवकच! अशाच एका सल्लागार गटात मी दोन वर्षे बसलो. वस्तीतील नळाचा प्रश्न मी पाच बैठकांत मांडला. इतिवृत्तात दर वेळी एकच वाक्य : 'सूचनेची नोंद घेण्यात आली.' नळ आला नाही. माझी सही मात्र प्रत्येक पानावर आहे.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला होता. तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना आपल्या माणसांसह तळ्यावर चालत जावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठरावही रद्द केला. ठरावाची ताकद त्यामागे उभ्या असलेल्या माणसांत असते, हा महाडचा धडा आहे.

म्हणून समित्यांवर बहिष्कार टाका, असे मी म्हणत नाही. तिथे जरूर बसावे. मात्र मताचा हक्क, खर्चाचा हिशेब आणि आपल्याला परत बोलावण्याचा वस्तीचा अधिकार या तीन गोष्टी आधी मागाव्यात. त्या मिळत नसतील, तर आपली खुर्ची ही आपल्याच वस्तीविरुद्धची साक्ष ठरते.