हातांची वाणी

दकापलीस प्रांतात प्रभू येशूने एका बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेले, त्याच्या कानांत बोटे घातली आणि जिभेला स्पर्श केला. संत मार्कच्या सातव्या अध्यायातील हा प्रसंग आपण मंदिरात अनेकदा ऐकलेला आहे. ज्याला ऐकूच येत नाही, त्याच्यापर्यंत मात्र तो कसा पोहोचावा? या प्रश्नाने काही धर्मगुरूंची झोप उडवली, आणि त्यातूनच कर्णबधिरांच्या शिक्षणाचा इतिहास घडला.

जो बोलत नाही त्याला बुद्धीही नाही, असा समज युरोपात शतकानुशतके होता. श्रद्धा श्रवणातून येते या संत पौलाच्या विचाराचाही काहींनी शब्दशः अर्थ घेतला. या समजाला सोळाव्या शतकात स्पेनमधील ओन्या येथील बेनेडिक्टाइन मठवासी पेद्रो पोन्से दे लेओन यांनी तडा दिला. वेलास्को या उमराव घराण्यातील बहिऱ्या मुलांना त्यांनी वाचायला, लिहायला आणि बोलायलाही शिकवले. परंतु हे शिक्षण श्रीमंतांच्या उंबरठ्याबाहेर पडले नाही.

तो उंबरठा ओलांडला पॅरिसच्या शार्ल-मिशेल द लेपे या धर्मगुरूंनी. त्यांचा जन्म १७१२ चा. जान्सेनवादी विचारांमुळे वरिष्ठांची त्यांच्यावर मर्जी नव्हती आणि धर्मसेवेचे अनेक मार्ग त्यांना बंद झाले होते. १७६० च्या सुमारास त्यांना दोन बहिऱ्या जुळ्या बहिणी भेटल्या. त्यांना शिकवणारे धर्मगुरू वारले होते. या मुली धर्मज्ञानावाचून राहतील, या काळजीने द लेपे यांनी त्यांना शिकवायला घेतले. मुली आपापसांत हातांनी बोलतात हे त्यांनी पाहिले. तीच त्यांची भाषा आहे, तेव्हा शिकायचे ते शिक्षकाने, हे त्यांनी ओळखले. मुलांच्या खुणा त्यांनी आपल्याशा केल्या आणि फ्रेंच व्याकरणासाठी नव्या खुणांची भर घातली. ही भर काहीशी बोजडच होती, हेही मान्य केले पाहिजे. मात्र त्यांच्या घरातील शाळेत गरीब-श्रीमंत असा भेद नव्हता आणि शुल्कही नव्हते. १७८९ च्या डिसेंबरात ते निवर्तले. १७९१ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रसभेने त्यांची शाळा आपल्या छत्राखाली घेतली. याच शाळेत शिकून तेथेच शिक्षक झालेले बहिरे लोराँ क्लेर १८१६ मध्ये अमेरिकेस गेले. १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे गॅलोडेट यांच्यासह त्यांनी शाळा उभारली. शिष्य गुरू झाला, याहून मोठी पावती कोणती?

येथवरची कथा अभिमानाची आहे. पुढची मात्र नम्रपणे वाचावी अशी आहे.

सप्टेंबर १८८० मध्ये मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्ष होते जुलिओ तार्रा, हेही धर्मगुरूच, आणि गरीब बहिऱ्या मुलांसाठी आयुष्य वेचलेले. मुलांनी ओठ वाचावेत आणि तोंडाने बोलावे, खुणांना शाळेत थारा नसावा, असा ठराव १६० विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. ज्यांच्या जीवनाचा निर्णय होत होता, ते बहिरे त्या सभेत जवळजवळ नव्हतेच. हेतू वाईट नव्हता. मुले चारचौघांत मिसळावीत, हीच इच्छा होती. परिणाम मात्र कठोर झाला. बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या आणि अनेक शाळांत खुणा करणाऱ्या हातांना शिक्षा मिळू लागली. ज्ञान मिळवण्याचे वय एकेक उच्चार घोटण्यात सरून गेले. एका धर्मगुरूने मोकळे केलेले हात दुसऱ्याच्या अध्यक्षतेखाली बांधले गेले.

मिलाननंतर पाचेक वर्षांतच, १८८५ च्या सुमारास, आपल्या मुंबईत भारतातील बहिऱ्यांची पहिली शाळा निघाली. मुंबईचे व्हिकर अपोस्टोलिक, जर्मन येशूसंघीय बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. कलकत्त्याची शाळा त्यानंतरची, १८९३ ची. ज्या काळी बहिरे मूल म्हणजे पूर्वजन्मीचे पाप मानले जाई, त्या काळी त्याच्या हाती पाटी देणे ही लहान गोष्ट नव्हे. पुढे देशभर शाळा वाढल्या, परंतु त्यांत बहुतेक ठिकाणी भर वाणीवरच राहिला. तरी खुणा मेल्या नाहीत. वर्गात दडलेले हात वसतिगृहात आणि मैदानावर बोलत राहिले. मुलांनीच ती भाषा मुलांना दिली.

शास्त्राला हे उशिरा उमगले. १९६० मध्ये विल्यम स्टोकी यांनी अमेरिकन खुणांना स्वतःची भाषिक रचना आहे हे दाखवले. १९७० च्या दशकात भारतीय सांकेतिक भाषेचाही अभ्यास झाला. २०१० मध्ये व्हँकुव्हर येथील परिषदेने मिलानचे ठराव नाकारून खेद व्यक्त केला. त्याला १३० वर्षे लागली. भारतात २०१५ मध्ये सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्क कायद्यात या भाषेचा उल्लेख आला.

श्रवणयंत्रे आणि शस्त्रक्रियेने आज अनेक मुलांना आवाज मिळतो, ही आनंदाची गोष्ट आहे. तरीही द लेपे यांचा धडा जुना होत नाही. प्रभूने त्या माणसाला बाजूला नेले आणि त्याला कळेल अशा स्पर्शाने त्याच्याशी संवाद साधला; शब्द त्यानंतर उच्चारला. रविवारी आपल्या बाकावर एखादे मूल प्रवचनाच्या वेळी भिंतीकडे पाहत बसलेले दिसले, तर त्याचे कान उघडण्याची वाट पाहत बसू नये. दोन खुणा आपणच शिकाव्यात.