नौकानयन नकाशांवरील प्रमाण व अंतरमापन

जमिनीच्या नकाशाप्रमाणे सागरी नकाशावर कोठेही पट्टी ठेवून अंतर मोजता येत नाही. मापनाची जागा ठरलेली असते.

अरबी समुद्रातील अरब नाखवे अंतर ‘झाम’मध्ये सांगत. एक झाम म्हणजे तीन तासांचा, आपल्या प्रहराएवढा प्रवास. आठ झाम उत्तरेस गेल्यावर ध्रुवतारा एक ‘इस्बा’, म्हणजे बोटभर, वर येतो, असा त्यांचा हिशेब होता. भूमध्य समुद्राच्या तेराव्या शतकापासूनच्या नकाशांवर प्रमाणपट्टी असे, अक्षांश मात्र नसत.

गेरार्डस मर्केटरच्या प्रक्षेपात (१५६९) एकाच दिशेने चालणाऱ्या जहाजाचा मार्ग सरळ रेषेने दाखविता येऊ लागला. मात्र त्यासाठी विषुववृत्तापासून दूर जावे तसतसे प्रमाण वाढवीत न्यावे लागते. या वाढीचे गणित एडवर्ड राइट याने १५९९ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणून कर्कटकाने घेतलेले अंतर त्याच अक्षवृत्ताच्या पातळीवर, नकाशाच्या उभ्या कडेवरील अक्षांशमापनावर वाचतात. तेथील एक कला म्हणजे एक सागरी मैल. वरच्या वा खालच्या आडव्या कडेवर वाचल्यास चूक होते. मुंबई आणि गोदावरीकाठचे गंगाखेड (जि. परभणी) ही दोन्ही सुमारे १९° उत्तर अक्षांशावर असून त्यांच्या रेखांशांत सुमारे २३५ कलांचा फरक आहे. त्यांतील प्रत्यक्ष अंतर मात्र सुमारे २२२ सागरी मैल (सु. ४११ किमी.) भरते. जमिनीवर ही तेरा मैलांची तफावत निरुपद्रवी. रात्री खडकाळ किनाऱ्याकडे येणाऱ्या जहाजाला ती घातक ठरेल.

मैलाची लांबीही दीर्घकाळ चुकीची होती. इंग्रज नाविक ती ५,००० फूट धरीत. रिचर्ड नॉरवुड याने लंडन ते यॉर्क अंतर मोजून ती सुमारे ६,१२० फूट ठरविली (१६३७). तरीही जुना आखूड मैल लवकर सुटला नाही, कारण हिशेबाने किनारा लवकर येणे नाविकांना अधिक सुरक्षित वाटे. ब्रिटिश नौदलाने पुढे ६,०८० फुटांचा मैल वापरला. अक्षांशाची एक कला विषुववृत्तावर सुमारे १,८४३ मी., तर ध्रुवाशी सुमारे १,८६२ मी. असते, मोनॅको येथील परिषदेने १९२९ मध्ये १,८५२ मी. हे माप निश्चित केले.

भारतीय नकाशे देहरादून येथील राष्ट्रीय जलालेखन कार्यालय तयार करते. बंदराचा नकाशा मोठ्या प्रमाणाचा, म्हणजे थोडे क्षेत्र तपशिलाने दाखविणारा असतो; खुल्या समुद्राचा लहान प्रमाणाचा. कोकणच्या खलाशांची ‘वाव’ ही खोलीची एकके जुन्या इंग्रजी नकाशांतील फॅदमशी जुळणारी. नव्या नकाशांत खोली मीटरमध्ये देतात. इलेक्ट्रॉनिक नकाशा पडद्यावर कितीही मोठा केला, तरी मूळ सर्वेक्षणात न घेतलेली खोली त्यात दिसत नाही.