पातकावांचून प्रायश्चित्त

वॉल्ट डिस्ने कंपनीनें १९९७ सालीं हर्क्युलीसावर मुलांसाठीं व्यंगचित्रपट काढला. त्यांत हेरा ही नायकाची वत्सल जननी आहे! प्राचीन ग्रीक कथेंत त्याची आई अल्कमीनी ही मानवी स्त्री. हेरा सापत्न माता व हाडवैरीण. तिनें लाविलेल्या वेडाच्या भरांत त्यानें आपलीं मुलें स्वहस्तें मारलीं, आणि त्याचे बारा पराक्रम हें त्या पातकाचें प्रायश्चित्त होय. फेरफारास आमची हरकत नाहीं. युरिपिडीसानेंही आपल्या नाटकांत पराक्रम आधीं व वेड मागाहून घातलें. हत्या मात्र त्यानें लपविली नाहीं. चित्रपटांत पातकच नाहीं. मग पराक्रम कशासाठीं? तर हिरावलेलें देवत्व परत मिळविण्यासाठीं! आणि ज्या मेगारेकरितां नायक शेवटीं तें देवत्व सोडतो, तीच मूळ कथेंत त्या मारलेल्या मुलांची आई.