गर्दी आणि हल्ला

किल्ला घ्यायचा तर तट फोडलाच पाहिजे असे नाही, वाटा अडवल्या तरी भागते, असे मी वर्गात वेढ्यांचा इतिहास शिकवताना सांगत असतो. संगणकांच्या जगालाही वेढे चुकलेले नाहीत.

सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीला असा वेढा पडला. एक संगणक दुसऱ्याला आधी ‘बोलू का?’ असे विचारतो. दुसरा ‘बोला’ म्हणतो, त्याच्यासाठी जागा राखतो आणि वाट पाहतो. हल्लेखोराने खोट्या पत्त्यांवरून अशा विचारणांचा पाऊस पाडला. पुढे कोणी बोललेच नाही. जागा मात्र अडून राहिल्या आणि खरे पाहुणे दारातूनच परतले. त्याच महिन्यात डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञाने तोड सुचवली. जागा राखूच नये. दिलेल्या पत्त्यावर खुणेचा आकडा धाडावा आणि तो घेऊन परत येईल त्यालाच बसवावे. पत्ता खोटा, तर खूण पोचणार कोणाला?

पण खऱ्या पत्त्यावरूनच शत्रू आला तर? फेब्रुवारी २००० मध्ये याहू, ॲमेझॉन, ईबे, सीएनएन यांची दारे अडवली ती दुसऱ्यांच्या, चोरून ताब्यात घेतलेल्या संगणकांनी. पुढच्याच वर्षी, ११ सप्टेंबर २००१ रोजी, बातम्यांची संकेतस्थळे पुन्हा कोलमडली. या वेळी मात्र गर्दीत शत्रू नव्हता, होती ती भेदरलेली माणसे.

तेव्हा नुसती डोकी मोजून भागत नाही. २००२ मध्ये तिघा संशोधकांनी दोन्ही गर्द्या ताडून पाहिल्या. खऱ्या गर्दीतले बहुतेक जण पूर्वी येऊन गेलेल्या आळ्यांतलेच असतात, आणि दार तुंबले की त्यांची मागणीही मंदावते. हल्ल्यात बहुतेक तोंडे नवखी. दार तुंबो वा मोडो, त्यांचे ठोठावणे थांबत नाही.

तरीही यंत्र फसते. २५ जून २००९ रोजी मायकेल जॅक्सनच्या निधनाची वार्ता पसरली. लक्षावधी लोक एकच नाव शोधू लागले आणि गूगलच्या यंत्रणेला तो हल्ला वाटला. काही काळ बातम्या शोधणाऱ्यांना तिने संशयाने अडवून धरले. ती माणसे एका गायकासाठी हळहळत होती, एवढेच.

पहारा हवाच, वाचकहो. पण चोर सुटला म्हणून पहारेकऱ्याला आपण जितका बोल लावतो, तितकाच पाहुणा उंबऱ्यावरून परत गेला म्हणूनही लावला पाहिजे.