दाखला कोणी द्यायचा?

महसूल खात्यातील आमच्या नोकरीची बरीच वर्षे वारसनोंदींच्या फायली हाताळण्यात गेली. अर्जदार समोर आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असे, ‘मृत्यूचा दाखला आणला आहे का?’ तो विचारताना आमचे मन कधी अडखळले नाही. युरोपातील ज्यू कुटुंबांच्या विमा-दाव्यांचा इतिहास वाचल्यावर मात्र त्या प्रश्नाकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी प्राग, वॉर्सा, बुडापेस्ट येथील मध्यमवर्गीय ज्यू कुटुंबे मुलीच्या लग्नासाठी, उतारवयासाठी विमा उतरवीत. नाझी राजवटीत देश सोडू पाहणाऱ्यांवर जबर कर बसला आणि तो भरण्यासाठी अनेकांना पॉलिसी मोडाव्या लागल्या. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची दुकाने व प्रार्थनामंदिरे फोडली गेली, तेव्हा विम्याची भरपाई सरकारने स्वतःकडे वळवली. वर ज्यू समाजावरच एक अब्ज मार्कांचा दंड बसवला. पुढे २५ नोव्हेंबर १९४१ च्या फर्मानाने देशाबाहेर हाकललेल्यांचे नागरिकत्व आणि मालमत्ता दोन्ही हिरावून घेतली.

युद्धानंतर जगल्या-वाचल्या मुलांनी कंपन्यांचे दार ठोठावले. पॉलिसीचा कागद कुठे आहे, हप्ते भरल्याच्या पावत्या कुठे आहेत, मृत्यूचा दाखला कुठे आहे, असे प्रश्न त्यांना विचारले गेले. ऑशविट्झला उतरताच ज्यांना वायुकोठडीत नेले, त्यांची छावणीत नोंदही होत नसे. मग दाखला कोणी द्यायचा?

या प्रश्नाला हात घातला गेला तो १९९८ मध्ये. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री लॉरेन्स ईगलबर्गर यांच्या अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला; अलियान्झ, आक्सा, जनराली, झुरिक, विंटरथुर या कंपन्या त्यात सामील झाल्या. अर्जाला शुल्क नव्हते आणि पुराव्याची अट सैल केली होती. बहुसंख्य अर्जदारांना कंपनीचे नावही सांगता येत नव्हते, म्हणून शोध कंपन्यांच्या जुन्या वह्यांतून आणि सरकारी दप्तरांतून घेतला गेला. पाच लाखांहून अधिक विमाधारकांची नावे प्रसिद्ध झाली. २००७ मध्ये काम संपले, तोवर नव्वद हजारांवर दावे तपासून सुमारे ४८ हजार जणांना ३० कोटींहून अधिक डॉलर देऊ करण्यात आले. त्यांतील अनेकांच्या वाट्याला विम्याची रक्कम नव्हे, तर सहानुभूतीची अल्प मदत आली. विलंब आणि प्रशासकीय खर्च यांवरून आयोगावर टीकाही झाली, आणि ती निराधार नव्हती.

हप्ते घेताना ज्यांनी वहीत नाव लिहिले, ती वही त्यांच्याच कपाटात होती. तरीही पन्नास वर्षे पुरावा मागितला गेला तो सर्वस्व गमावलेल्यांकडे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पूर्वजांच्या सनदा रुमालात बांधून जपलेल्या आहेत; घर शाबूत राहिले म्हणून त्या राहिल्या. ज्यांचे घरच उरले नाही, त्यांच्यासाठी कपाट उघडण्याचे कर्तव्य नोंद बाळगणाऱ्याचे आहे. नोकरीत असताना हे आम्हांला उमगले असते, तर काही अर्जदार आमच्या टेबलापासून रिकाम्या हाती परतले नसते.