शेवटचा काळा चेंडू

क्रीडेतिहासात परिपूर्णतेला मोठा मान असतो, असा आपला समज आहे. शेफिल्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात भरणाऱ्या स्नूकरच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेकडे पाहिले, की तो डळमळू लागतो. १९८३ मध्ये क्लिफ थॉर्बर्नने तेथे १४७ गुणांचा सर्वोच्च ब्रेक रचला. या स्पर्धेच्या इतिहासातला तो पहिलाच. (त्याची सुरुवात नशिबाने पडलेल्या लाल चेंडूने झाली होती, हे जाता जाता सांगायला हवे.) पण इंग्लंडमधल्या जुन्या प्रेक्षकाला विचारा, तो बहुधा १९८५ ची अंतिम लढतच सांगेल, आणि तिच्या अखेरच्या फ्रेममध्ये तर चुकांचीच रेलचेल होती.

एका बाजूला तीन वेळचा विजेता स्टीव्ह डेव्हिस, थंड आणि जवळजवळ यांत्रिक. दुसऱ्या बाजूला उत्तर आयर्लंडचा डेनिस टेलर. वाकून नेम धरताना नजर भिंगाच्या मध्यातून जावी म्हणून त्याने खास बनवून घेतलेला चष्मा भुवयांच्याही वर चढलेला असे, त्यामुळे तो किंचित विदूषकी दिसे. आदल्याच वर्षी त्याची आई वारली होती. डेव्हिसने ८-० अशी आघाडी घेतली तेव्हा सामना संपल्यातच जमा होता. टेलरने पहिल्या दिवसअखेर तो ९-७ वर आणला, दुसऱ्या दिवशी १५-१७ वरून १७-१७. तोवर तो एकदाही पुढे गेला नव्हता.

पस्तिसावी फ्रेम ६८ मिनिटे चालली. दोघेही थकलेले, हात आखडलेले. डेव्हिस ६२-४४ ने पुढे. टेबलावर तपकिरी, निळा, गुलाबी आणि काळा, म्हणजे एकूण २२ गुण. टेलरला चारही हवे होते. त्याने पहिले तीन घातले, ६२-५९. आता जगज्जेतेपद एका काळ्या चेंडूवर येऊन ठेपले. टेलर चुकला. पुढे डेव्हिसला बारीक कापाची संधी मिळाली, आणि एरवी डोळे मिटून घातला असता असा तो चेंडू त्याने जरा जास्तच कापला. तो पॉकेटच्या तोंडावरून निसटला. टेलरने मात्र चूक केली नाही. रात्रीचे सव्वाबारा उलटून गेले होते आणि बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर १ कोटी ८५ लाख लोक जागे होते. टेलरने क्यू दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.

एवढे लोक कशासाठी जागले? माझ्या मते, डेव्हिससारख्याचाही हात थरथरू शकतो, हे पाहण्यासाठी. थॉर्बर्नच्या ब्रेकचे आपण कौतुक करतो. डेव्हिसच्या त्या फटक्यात मात्र स्वतःला पाहतो. जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये १८७५ मध्ये वेळ घालवण्यासाठी जन्मलेला हा खेळ इतक्या क्रूर क्षणापर्यंत येईल, असे तिथल्या अधिकाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

टेलर पुढल्या वर्षी पहिल्याच फेरीत हरला आणि पुन्हा कधी जिंकला नाही. डेव्हिसने आणखी तीन विजेतेपदे मिळवून एकूण संख्या सहावर नेली. तरी २०१० मध्ये दोघांना क्रूसिबलला पुन्हा बोलावले गेले ते तीच शेवटची फ्रेम गमतीने खेळून दाखवण्यासाठी.